सलामीचा उतार

"प्रभाव कुणाकुणाचा, ते सांग पटकन. महोत्सवाचा फॉर्म आजच पाठवायचाय," मृण्मयी म्हणाली.

वानवडीला जोएलच्या मावशीच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. मृण्मयी गायची आणि गाणी लिहायची, जोएल ड्रम वाजवायचा, गिटार माझी. बँडचं नाव ‘उभे आडवे’. मृण्मयीला शब्दकोड्यांचं वेड होतं, त्यावरून ठेवलेलं. साल दोन हजार आठ. मावशींची स्कूटर बाहेर काढली की ड्रम आत मांडायचे आणि मावशी ऑफिसातून आल्या की ड्रम आवरून स्कूटर आत, अशी आमची तालीम चालायची.

मी सहा नावं सांगितली. पाच इंग्रज बँड आणि एक आइसलंडचा. मृण्मयीनं मुकाट्यानं टाइप केली.

"इथलं पण कुणीतरी घाल की रे," जोएल म्हणाला. "हल्ली आयोजकांना मातीतलं काहीतरी लागतं."

"इथलं कुणी नाही."

"कुणीच नाही? इचलकरंजीत सतरा-अठरा वर्षं काढलीस, काहीच ऐकलं नाहीस?" मृण्मयीनं विचारलं.

"लूमचा आवाज ऐकला. तो टाक."

तिनं तो टाकला नाही. सहा नावं गेली आणि महिन्याभरात आमची निवड झाल्याचं पत्र आलं. पुण्यातला महोत्सव, पाच बँड, कोथरूडच्या एका बंद कारखान्याचं आवार. मुंबईहून एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस फक्त आम्हाला ऐकायला येणार होता. त्याच्या मनात भरलं तर अल्बम. तेव्हा मी एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करत होतो, खोलीत एकटा राहत होतो आणि ह्या दोघांखेरीज पुण्यात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. अल्बम झाला नसता तर जोएल दुबईला मामाकडे जाणार होता, हेही ठरलेलं होतं. म्हणजे माझ्यासाठी त्या एका संध्याकाळवर सगळं होतं.

तो माणूस येणार होता ते एका गाण्यासाठी. ‘दुसरी पाळी’. माझ्या गावच्या गोष्टी ऐकून मृण्मयीनं ते लिहिलं होतं, पण लोक वेडे झाले होते ते सुरुवातीच्या गिटारवर. पंधरा सेकंदांची एक धून, वर वर चढत जाणारी, आणि टोकाला पोचली की परत पहिल्यापासून. गाणं संपेपर्यंत ती मागे चालूच. माझ्या सहापैकी चार तारा एकाच सुरात लावलेल्या असायच्या, त्यामुळे खाली सतत एक गुणगुण राहायची. इंटरनेटवर एकानं लिहिलं होतं की ही धून कधी खाली उतरतच नाही, हीच तिची वेदना आहे, आणि हा सरळसरळ आइसलंडचा परिणाम आहे. मी ते वाचून मूग गिळून बसलो.

कारण ती धून माझी नव्हती. दस्तगीरमामांची होती.

दस्तगीर मुल्ला आमच्या कारखान्यात जॉबर होते. कारखाना म्हणजे काय, पत्र्याच्या शेडात आठ पॉवरलूम. लूम बिघडला की तो पुन्हा लावतो तो जॉबर. मामा लूमला हात लावायच्या आधी कान लावायचे. "हिचा डावा हात लटकतोय," असं म्हणून पाना घ्यायचे आणि खरंच डाव्या बाजूचंच काहीतरी सैल झालेलं असायचं. आणि गणपतीत मामा बेंजो वाजवायचे. गुलाब बेंजो पार्टी, इचलकरंजी. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, बेंजो म्हणजे लाकडी फळीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तार छेडायची. वायर भोंग्याला, भोंगा हातगाडीवर, मागे ताशा-ढोल, की निघाली मिरवणूक.

आठवड्यातून एक दिवस गावाची वीज बंद असायची. लूम थांबले की इचलकरंजी इतकी शांत व्हायची की कानाला चैन पडायचं नाही. त्या दिवशी मामा शेडात बसून बिनभोंग्याचा बेंजो वाजवत आणि मी नववीत असल्यापासून त्यांच्यासमोर सुताच्या पोत्यावर बसायचो. बाबांना वाटायचं पोरगं लूम शिकतंय.

"बोट चुकलं तर चालतंय," मामा म्हणायचे. "तार उतरलेली चालत न्हाई. आदी तार लाव."

प्रत्येक पार्टीची एक सलामी असायची. मंडळापुढं उभं राहिलं की पहिल्यांदा ती वाजवायची, मग सिनेमाची गाणी. दोन गल्ल्या पलीकडून लोक सलामीवरून ओळखायचे, गुलाब पार्टी आली म्हणून. ती मामांनी स्वतः बांधलेली होती. पहिला भाग चढ, दुसरा उतार. घरी ती वाजवायची नाही असा त्यांचा नियम होता. मंडळापुढं, नाहीतर शेडात.

मी दहावीत असताना अनंत चतुर्दशीला दोन पार्ट्या एका चौकात समोरासमोर आल्या. आमची नव्हे, दुसऱ्याच दोन. एका बाजूला म्हातारा मास्तर, दुसऱ्या बाजूला त्याच्याच हाताखाली शिकून वेगळा झालेला. तो तरणा गाडीवरून उतरला, म्हाताऱ्याच्या पाया पडला आणि काहीतरी म्हणाला. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग तरण्यानं जी सलामी वाजवली ती म्हाताऱ्याचीच. म्हातारा हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला.

"काय झालं मामा?"

"मागितली त्यानं. ह्यानं दिली."

"मग आता दोघं वाजवणार?"

"दोगं कसं? एक सलामी दोन पार्ट्यांत राहत न्हाई. धाकट्यानं तोंडानं मागितली तर थोरल्यानं न्हाई म्हणायचं नसतंय. आणि दिली की दिली. देणाऱ्यानं पुन्ना त्या तारंला हात लावायचा न्हाई."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या वयात चौकात बघण्यासारखं बाकी बरंच होतं.

मामांनी मला सलामीचा चढ शिकवला तो त्याच वर्षी. बारावी तोंडावर आली, बाबांनी क्लास लावले, मग पुण्याला इंजिनिअरिंग, ते अर्धवट सोडलं, गिटार घेतली. उतार राहिला. "फुडल्या खेपंला," मामा म्हणाले होते. गिटार हातात आल्यावर पहिलं काय केलं असेल तर चार तारा एका सुरात लावल्या आणि चढ वाजवून बघितला. पुढचं येत नव्हतं म्हणून परत पहिल्यापासून घेतलं. आइसलंडची वेदना ती एवढीच.

जोएल-मृण्मयीला का नाही सांगितलं? मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ती दोघं ज्या गाण्यांवर वाढली होती त्यांची मला नावं पाठ करावी लागली होती. त्यांच्या घरात पियानो होते, रेकॉर्डप्लेअर होते. मी बेंजो म्हटलं असतं तर त्यांनी नाक मुरडलं नसतं, उलट कौतुकच केलं असतं. पण मला ते कौतुक नको होतं. मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी तीनला साउंडचेकसाठी पोचलो तर गेटवर पोस्टर होतं. वर मोठ्या अक्षरांत दिल्लीचा बँड, खाली आम्ही, आणखी तिघं, आणि सगळ्यात तळाशी बारीक अक्षरांत ‘बेंजो पार्टी, इचलकरंजी’.

इचलकरंजीत पाच-सात तरी पार्ट्या होत्या. मी मनाशी म्हटलं, दुसरी कुठलीतरी असेल.

आयोजक शौनक नावाचा मुलगा होता, भारी उत्साही. "तुमच्यासाठीच आणली!" तो म्हणाला. "तुमचं गाणं इचलकरंजीचं, म्हटलं तिथलंच काहीतरी रॉ ओपनिंगला ठेवू. पाच वाजता ते, साडेसहाला तुम्ही. कसं वाटतंय?"

"मस्त," मी म्हणालो.

आवाराच्या मागच्या बाजूला टेम्पो उभा होता. गुलाबी रंगाचे एकसारखे शर्ट घातलेली पाच-सहा माणसं ढोल उतरवत होती. आणि टेम्पोच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर बेंजो घेऊन मामा तारा लावत होते. दाढी पांढरी झाली होती. शर्ट त्यांनाही गुलाबीच.

मी वळून निघून जाणार होतो. खरंच सांगतो, पाऊल उचललं होतं.

"अभ्या?"

सहा वर्षांत इथं त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. पुण्यात मी अभिनंदन होतो, नाहीतर अभि.

"मामा."

"आरं, मालक सांगायचे ते तुज्या पार्टीचं नाव फलकावर दावलं पोरांनी. म्हटलं आमच्या मालकाचा अभ्या असंल तर गाठ पडंलच." त्यांनी बेंजो खुर्चीवर ठेवला आणि मला पोटाशी धरलं. अंगाला तोच वास, लूमच्या तेलाचा. "वाळलास की रं. जेवतोस का न्हाई?"

"जेवतो."

"कुठं? कुणाच्यात?"

"खानावळीत."

"एकलाच?"

तेवढ्यात मागून मृण्मयी आली. केस सारखे करत, हातात पाण्याची बाटली.

"ओळख आहे तुमची?" तिनं हसून विचारलं.

आता सांगायची वेळ होती. ह्याहून सोपी वेळ मला आयुष्यात मिळाली नाही.

"हे आमच्या कारखान्यात कामाला होते," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहून मान डोलावली. "व्हय ताई. जॉबर होतो मालकांकडं. अजून हाय." आणि त्यांनी पुढं एक शब्द वाढवला नाही. मृण्मयीनं नमस्कार केला, गिटारची वायर मिळत नाही म्हणाली आणि गेली.

मामा पुन्हा बसले. बेंजो मांडीवर घेतला, एक तार छेडून कान दिला. माझ्या डोक्यात हिशेब चालला होता. पाच वाजता मामा सलामी वाजवणार. साडेसहाला मी तीच वाजवणार. मुंबईचा माणूस पहिल्या रांगेत. जोएल, मृण्मयी विंगेत. माझी चोरी भोंग्यावरून अख्ख्या कोथरूडला ऐकू जाणार.

"मामा, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"इकडे या जरा."

आम्ही टेम्पोच्या पलीकडे गेलो. तिथं ऊन होतं. ते डोळ्यांवर हात धरून उभे राहिले.

"आज सलामी नका वाजवू."

"का रं? वेळ कमी हाय व्हय?"

"नाही. आमच्या एका गाण्यात तिच्यातलं थोडं आलंय."

"थोडं म्हंजी?"

"चढ."

मामांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मला वाटलं रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं असं आज वाटतं.

"लोकास्नी आवडतंय?" त्यांनी विचारलं.

"खूप आवडतंय. त्याच्यासाठी मुंबईहून माणूस आलाय. आमचा अल्बम निघेल त्याच्यावर."

"आणि तुज्या पार्टीतल्या पोरांस्नी ठावं न्हाई, कुणाची हाय ती."

"नाही."

"हं." त्यांनी पायानं एक खडा बाजूला सारला. "अभ्या, मला येक सांग. तू मागतोयस का?"

"आजच्या दिवस मामा, फक्त आजच्या दिवस."

"दिवसाचं न्हाई इचारलं. मागतोयस का तोंडानं, त्येवढं सांग."

मला घाई होती. शौनक लांबून आमचं नाव घेऊन हाका मारत होता, जोएल स्टेजवर चढला होता. दहावीतला तो चौक, तो म्हातारा, मांडीवर ठेवलेला त्याचा हात, ह्यातलं काहीही तेव्हा मनात आलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. आलं. मी ते बाजूला सारलं.

"हो, मागतोय."

"बरं," मामा म्हणाले. "दिली."

माझा जीव भांड्यात पडला. मी वळलो तेव्हा त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"उतार ऱ्हायलाय तुजा. अर्दी घिऊन फिरू नगंस. गावाकडं आलास की यिऊन जा, दोन बैठकीत हुतंय."

"येतो मामा. नक्की येतो."

पाच वाजता त्यांची पार्टी स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. ताशेवाल्यानं काड्या उचलल्या आणि मामांकडे बघत थांबला. सलामी झाल्याशिवाय ताशा उचलायचा नसतो. मामांनी मान हलवली आणि एकदम एक जुनं सिनेमातलं गाणं सुरू केलं. ताशेवाला चुकला. ढोलवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन ओळी सगळं विस्कटलं, मग सावरलं आणि मग काय, सगळी पोरं नाचायला लागली. शौनक स्वतः नाचला. कुणाला काही कमी पडलं नाही. मला सोडून त्या आवारात फक्त सहा माणसांना ठाऊक होतं की गुलाब पार्टी आज बिनसलामीची वाजवतेय.

साडेसहाला आम्ही. ‘दुसरी पाळी’ शेवटचं ठेवलं होतं. मी धून सुरू केली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा डाव्या बाजूला, खुर्ची घेऊन बसले होते. बाकीची पार्टी टेम्पोत सामान भरत होती, हे एकटेच ऐकायला आले होते. मी चढ संपवला आणि परत पहिल्यापासून घेतला. त्यांची डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती, बटणं दाबल्यासारखी. माझ्याबरोबर वर गेली. मी टोकावरून परत सुरुवातीला आलो, पण त्यांची बोटं आली नाहीत. ती पुढं गेली. करंगळीपासून एकेक करत, सावकाश, खाली उतरत. मग थांबली. मी दुसऱ्यांदा टोकाला पोचेपर्यंत त्यांनी वाट बघितली आणि पुन्हा उतरली. प्रत्येक वेळी. ते माझा राहिलेला उतार वाजवत होते.

मी मान फिरवली. बघत राहिलो असतो तर माझी मात्रा चुकली असती.

गाणं प्रचंड गाजलं. मुंबईच्या माणसानं हात मिळवला, आठवड्यात फोन आला. स्टेजवरून खाली आलो तेव्हा टेम्पो गेलेला होता. सकाळच्या पाळीला मामांना लूमवर हजर राहायचं होतं.

"तुझे ते काका निरोप देऊन गेलेत," जोएल म्हणाला. "यिऊन जा म्हणे. कुठे जायचंय?"

"काही नाही रे. घरी."

अल्बम निघाला. मुलाखती झाल्या. प्रत्येक मुलाखतीत प्रभाव विचारायचे आणि मी ती सहा नावं सांगायचो, इतक्या वेळा की मलाच खरी वाटायला लागली. चार वर्षांत बँड मोडला. भांडण नाही, तंटा नाही. जोएल शेवटी दुबईला गेलाच, मृण्मयी लग्न करून बंगळूरला. जायच्या आदल्या दिवशी तिला स्टेशनजवळच्या हॉटेलात मी सगळं सांगितलं. तिनं चहा तसाच ठेवला.

"अरे, मग त्यांना स्टेजवर बोलवायचं. चढ तू वाजवायचास, उतार त्यांनी," ती म्हणाली. "एवढं सोपं होतं, अभि."

होतं. एवढं सोपं होतं.

आणि मी गावी जात नव्हतो असं नाही. दिवाळीला जायचो, आईच्या आजारपणात दोन महिने राहिलो. मामांची गल्ली आमच्या घरापासून दोन मिनिटांवर. मी लांबच्या रस्त्यानं जायचो, शेडाकडे फिरकायचो नाही. पहिल्या वर्षी वाटलं, कुठल्या तोंडानं जाऊ. दुसऱ्या वर्षी वाटलं, पहिल्या वर्षी गेलो नाही, आता काय सांगू. असं करत करत एक दिवस लाजेचं कारणही आठवेनासं झालं, फक्त लांबचा रस्ता राहिला. मिरवणुकीला मात्र कधी थांबलो नाही. गणपतीत मी पुण्यात खोलीचं दार लावून बसायचो. पुढं आई-बाबा गेले, कारखाना विकला आणि गावाकडची खबर येणंही थांबलं. आता मी जाहिरातींना आणि मालिकांना पार्श्वसंगीत करतो. कॉम्प्युटरवर एकट्यानं होतं, कुणाची गरज लागत नाही. धायरीला वन-बीएचके आहे. फोन वाजतो तो कुरिअरवाल्याचा.

गेल्या वर्षी आषाढात अनोळखी नंबर आला.

"अभिनंदनभाऊ का? मी रुक्साना. दस्तगीर मुल्लांची मुलगी." मला ती आठवली. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, शेडात बापाला डबा घेऊन यायची. "अब्बा गेले. दोन महिने झाले. तुमचा नंबर नव्हता आमच्याकडं, आज मिळाला."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पंधरा वर्षांनी जवळचा रस्ता धरला.

तिनं बसायला दिलं, पाणी दिलं. नवरा अल्ताफ कामावर गेला होता. मामांनी शेवटची काही वर्षं त्याला बेंजो शिकवला होता, पार्टी आता तो चालवत होता. ती सरळच बोलली.

"भाऊ, पंधरा वर्षं झाली, आमची पार्टी बिनसलामीची हाय. लोक नावं ठेवत्यात. दुसरी बांधा म्हणून अब्बांच्या किती मागं लागलो. म्हणायचे, माजी येकच हुती, ती अभ्याला दिली."

"मी एका दिवसापुरती मागितली होती, रुक्साना."

"ते म्हणायचे, येईल तो. अर्दी माझ्यापाशी ऱ्हायलीय, ती न्यायला येईल. दरसाली गणपती झाले की म्हणायचे, औंदा पण आला न्हाई गडी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

"मी यायला हवं होतं. त्यांनी अल्ताफला तरी शिकवायची."

"कशी शिकवतील? दिलेल्या तारंला पुन्ना हात लावत न्हाईत. शेवटच्या दुखण्यात मी म्हटलं, अब्बा, नुसती गुणगुणून दावा. मान हलवली न्हाई म्हणून. जुन्या ढोलवाल्यांस्नी म्हणता येईना, जुनं रेकॉर्डिंग पण लई शोधलं. त्या वक्ताला मोबाईल कुणाकडं हुते? अल्ताफनं तर कधी ऐकलीच न्हाई. मला कानात हाय थोडी, ऐकली की वळखीन. पर म्हणाया गेलं की दुसरंच गाणं येतंय तोंडात."

ती उठली. कपाटावरून कापडात गुंडाळलेला बेंजो काढला आणि माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला. मग माझ्यासमोर बसली, पदर सारखा केला.

"भाऊ, थोरल्यानं न्हाई म्हणायचं नसतंय. मी धाकटी हाय. ह्या गणपतीत पार्टीला सलामी पायजे. तोंडानं मागते तुमच्याकडं."

"दिली," मी म्हणालो. "दिली रुक्साना. तुमचीच आहे ती."

तिनं मोबाईल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माझ्यापुढं धरला. मी आधी तारा लावल्या. वेळ लागला, बटणं घट्ट झाली होती. मग चढ वाजवला. पहिल्या चार सुरांतच तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. ती हसली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली, मोबाईल मात्र हलू दिला नाही. मी वर वर गेलो, टोकाला पोचलो.

आणि थांबलो.

दहावीत असताना मी तो उतार पन्नास वेळा ऐकला असेन. पण नंतर चार वर्षं, हजारो वेळा, टोकाला गेलं की परत पहिल्यापासून, परत पहिल्यापासून, असं वाजवून वाजवून मी तो माझ्या कानातून पुसून टाकला होता. मी डोळे मिटले. खुर्चीच्या हातावरची मामांची बोटं आठवायचा प्रयत्न केला. करंगळी आधी. मग? मी मान फिरवली होती.

"भाऊ?" रुक्साना हळूच म्हणाली. "उतार?"

"मला येत नाही."

बहुतेक तिला वाटलं, मी आठवतोय. ती मोबाईल तसाच धरून बसून राहिली, थांबून, ऐकायला तयार. रेकॉर्डिंग चालू होतं.

मी परत पहिल्यापासून वाजवायला घेतलं.